हिरव्या पट्टीमागचा नियम

मी एक जुने पान आहे, मित्रांनो. वहीतले नव्हे. मोबाईलवर बोट टेकवले की उघडते, त्या जातीचे. माझे खरे नाव लांबलचक होते, 'सर्पदंशावरील लस आज कोठे मिळेल'. पण पलूसपासून मिरजेपर्यंत आणि वर रहिमतपूरपर्यंत लोक मला नुसते 'सापाचं पान' म्हणत. मला ते नाव आवडत असे.

माझा जन्म पलूसला लालासाहेब सुभेदारांच्या ओसरीवर झाला. सुभेदारांची सारी नोकरी फौजेच्या दवाखान्यांत गेली होती. जखमा बांधणे, सुया देणे, औषधांचा साठा सांभाळणे हे त्यांचे काम. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी एक गोष्ट पाहिली. उसात, द्राक्षाच्या बागेत माणसाला साप चावतो, घरचे लोक त्याला जवळच्या दवाखान्यात नेतात, तिथे लस संपलेली असते. मग दुसरा दवाखाना, मग तिसरा. तोवर वेळ निघून जाते.

म्हणून सुभेदार रोज सकाळी सात वाजता सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतल्या चौदा दवाखान्यांना फोन करत. "काय रिपोर्ट? कुप्या किती?" एवढेच विचारत. उत्तरे दारावरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहीत. पण तो फळा पलूसकरांनाच दिसे. बाकीचे लोक फोन करत, आणि सुभेदारांचा फोन सदा गुंतलेला.

त्यांच्या शेजारी जाईबाई राहत. त्या द्राक्षबागेत कामाला जात. त्यांचा मुलगा कुणाल मिरजेत संगणकाचे प्रोग्रॅम लिहायच्या नोकरीला होता. एका रविवारी जाईबाई त्याला म्हणाल्या, "एवढा शिकलास, मग सुभेदारांचा फळा मोबाईलवर का मांडत न्हाईस? आमच्या टोळीतल्या बाया तरी बघतील."

कुणाल लाजला आणि त्याच दिवशी लॅपटॉप घेऊन सुभेदारांकडे गेला. चार रविवारांत त्याने मला लिहून काढले. सुभेदार बाजूला बसून नियम सांगत.

"हे बघ कुणाल, दहा कुप्या असल्या तरच 'हाय' म्हणायचं. सुरुवातीलाच दहा लागत्यात. नऊ असल्या तर 'न्हाई'. आन् दुसरं, आजचा रिपोर्ट आला न्हाई, तर काल कितीबी असू देत, हिरवं दाखवायचं न्हाई."

"का आबा? काल वीस असल्या तर आज निदान दहा असतीलच की."

"शिळ्या खबरीवर पलटण हलवत न्हाईत," सुभेदार म्हणाले.

मग कुणालने तीन रंग ठरवले. लस आहे, तर हिरवी पट्टी. नाही, तर लाल. आणि आजची खबर आली नसेल तर फिकट राखाडी पट्टी, म्हणजे आधी फोन करून खात्री करा.

आता मला तुम्हाला माझ्या अंगातला एक दोष सांगितला पाहिजे. पान लिहिताना दोन प्रकारच्या ओळी लागतात. काही ओळी विचार करतात: किती कुप्या आहेत, तारीख आजची आहे का, मग काय म्हणायचे. काही ओळी नुसते रूप देतात: अक्षर केवढे, पट्टी कोणत्या रंगाची. कुणालने या दोन्ही एकाच ठिकाणी, एकमेकींत मिसळून लिहिल्या. जिथे राखाडी रंग सांगितला, तिथेच त्या ओळीच्या पोटात तारीख तपासायचा नियमही घातला. औषधाची चिठ्ठी सदऱ्याच्या अस्तरात शिवून टाकावी, तसे ते होते. सदरा त्याच अंगावर आहे तोवर काही बिघडत नाही. पण सदरा उद्या दुसऱ्या शिंप्याकडे गेला तर?

कुणालला दोष देऊ नका. तो तरुण होता, घाईत होता, आणि मी चालत होते. चालणाऱ्या पानाचे पोट कोण उघडून बघतो?

मी चांगले कामाचे होते, हे मला सांगितले पाहिजे. सुभेदार सकाळी आकडे भरत आणि मी ते गावोगावच्या लोकांना दाखवी. बायका उसाच्या बांधावरून मला उघडत. दवाखान्यांतल्या परिचारिकाही दुसरीकडचा साठा पाहायला माझ्याकडे येत. रहिमतपूरकडच्या एका बाईने नवऱ्याला माझे बघून नीट जागी नेले. वीस मिनिटांत सुई मिळाली. आठवड्याने तिने सुभेदारांना फोन करून हे सांगितले आणि रडली.

वर्षे गेली. कुणाल पुण्याला गेला, त्याचे लग्न झाले, माझ्याकडे यायचे त्याला कारण उरले नाही. मी आपले रोज सकाळी आकडे घेत होते आणि पट्ट्या रंगवत होते.

मग साताऱ्याला एका समारंभात सुभेदारांचा सत्कार झाला. भिंतीएवढ्या पडद्यावर मला दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण मागच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "सुभेदार, काम लय मोठं हाय तुमचं. पर उन्हात ते राखाडी कायबी दिसत न्हाई बघा. डोळं फुटायची येळ येती."

त्यांचे म्हणणे खरे होते. साताऱ्यातला विश्वजीत नावाचा तरुण तिथे होता. तो दुकानांच्या पाट्या, पत्रिका आणि वेबपाने सजवण्याचे काम करी. तो पुढे आला. "आबा, मी करून देतो. पैसे नकोत."

"कुणालला इचार आधी," सुभेदार म्हणाले.

विश्वजीतने फोन लावला. कुणाल तिकडे कचेरीत बैठकीत होता. "डिझाइनच बदलायचंय ना? कर की बिनधास्त," एवढे बोलून त्याने फोन ठेवला.

विश्वजीतने तीन दिवस मनापासून काम केले. अक्षरे मोठी केली. हिरवा जास्त हिरवा केला, लाल जास्त लाल. उन्हात मोबाईल धरून पुन्हा पुन्हा पाहिले. आणि जो राखाडी रंग कुणालाच वाचता येत नव्हता, तो सांगणाऱ्या ओळी त्याने सरळ काढून टाकल्या. त्याला वाटले, मी रंग काढतो आहे. त्याच्याबरोबर तारखेचा नियमही गेला. कुणालाच कळले नाही. त्या दिवशी चौदाच्या चौदा दवाखान्यांची खबर ताजी होती. माझ्यात राखाडी पट्टी एकही असायला नको होती, आणि नव्हती.

सगळे म्हणाले, पान किती छान दिसते! खोटे कशाला बोलू, मलाही तसेच वाटत होते.

एकोणिसाव्या दिवसाची गोष्ट. एका गावच्या दवाखान्याबाहेर रस्ता खणताना फोनची तार तुटली होती. सुभेदारांनी तीन सकाळी तिथे फोन लावला, तीनही वेळा लागला नाही. त्यांनी आकडा भरला नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. आकडा भरला नाही की पट्टी आपोआप 'आधी फोन करा' सांगणार, हे त्यांना वर्षानुवर्षे ठाऊक होते.

माझ्याजवळ त्या दवाखान्याचा शेवटचा आकडा होता. बारा कुप्या. त्यानंतर एक रोगी तिथे आला होता आणि बाराही त्यालाच लागल्या होत्या. मी मात्र हिरवी पट्टी दाखवत बसले होते. 'आहे. बारा.'

मला कळत नव्हते का? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे, मित्रांनो. आकड्याशेजारी तारीख होती, तीन दिवसांपूर्वीची. ती माझ्याजवळच होती. पण तिच्याकडे बघ, असे सांगणारी ओळच माझ्यात उरली नव्हती.

ऑगस्टचा महिना होता. सकाळी नऊच्या सुमाराला सुलाबाई आपल्या उसात वैरण काढत होत्या. साठीच्या होत्या, पण कामाला कुणाला हार जात नसत. पाचटात घोणस होती. ती घोट्यावर चावली. नवरा हरिबा विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीपाशी होते, ते ओरडा ऐकून पळत आले. घरून सून रेश्मा धावली. तिच्या हातात मोबाईल होता. तिने मला उघडले.

"मामा, जवळचंच हिरवं हाय! बारा हायत. पंधरा मिनटांत पोचतोय आपण."

"नीट बघ पोरी."

"बघितलं मामा. चला, आत्यास्नी उचला."

शेजाऱ्याच्या जीपमधून ते निघाले. पंधरा मिनिटांत पोहोचले. परिचारिका बाहेर आली आणि जागीच थांबली. "ताई, लस परवाच संपली. आमचा फोनबी बंद हाय तीन दिवस. कुणी सांगितलं तुमाला इथं?"

रेश्माने मोबाईल पुढे केला. हिरवी पट्टी तशीच होती. 'आहे. बारा.'

तिथल्या डॉक्टरांनी हाती होते ते सगळे केले, गाडी बोलावली, मिरजेला पाठवले. पण सुलाबाईंच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. त्यांच्या शेतापासून उलट दिशेला पंचवीस मिनिटांवर एक दवाखाना होता. त्या सकाळी तिथे तीस कुप्या होत्या, आणि तेही मी खरेच दाखवत होते. पण जवळची हिरवी पट्टी सोडून लांबच्या पट्टीकडे कोण जाईल?

मिरजेत सुई मिळेपर्यंत दोन तास गेले होते. सुलाबाई वाचल्या. त्यांची मूत्रपिंडे मात्र वाचली नाहीत.

दुपारी रेश्माने सुभेदारांना फोन केला. सुभेदारांनी मला उघडले, ती पट्टी पाहिली, आणि जाईबाईंना हाक मारली. "कुणालला सांगा, हे बंद कर म्हणावं. आत्ताच्या आत्ता."

मी बंद झाले. मला उघडणाऱ्याला कोरा पडदा दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी कुणाल पुण्याहून आला, विश्वजीत साताऱ्याहून आला. ओसरीवर कुणालची धाकटी बहीण पायलही होती. तिने सांगलीत संगणकाचेच शिक्षण घेतले होते. विश्वजीतचा चेहरा उतरला होता.

"ती ओळ मी काढली," तो म्हणाला. "मीच काढली."

"मी तुला 'बिनधास्त कर' म्हणालो," कुणाल म्हणाला.

"पर काढली मी."

दोघे तेच तेच बोलत राहिले. शेवटी पायलने माझी जुनी प्रत उघडली. "दादा, ही ओळ मोठ्यानं वाच."

कुणाल वाचू लागला. निम्म्या ओळीत रंग होता, निम्म्या ओळीत तारीख. मध्येच तो थांबला.

"ह्यांना रंग बदलायचा होता," पायल म्हणाली. "रंग बदलायला ह्यांना नियमाच्या अंगावरनं जावं लागलं. तिथं नियम हाय, हे ह्यांना दिसलंबी न्हाई. चूक खोडणाऱ्याची हाय तेवढीच लिहिणाऱ्याची हाय."

कुणाल मान खाली घालून म्हणाला, "व्हय."

दोन दिवसांनी तिघेही मिरजेला गेले. तिथे काय झाले ते पायलने परत आल्यावर सुभेदारांना सांगितले, तेव्हा मी ऐकले. कुणालने सुलाबाईंच्या खाटेशेजारी बसून सगळे सांगितले. काही लपवले नाही. सुलाबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"मला त्यातलं काय कळत न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "माफ केलं म्हणू का नगं म्हणू, तेबी कळत न्हाई. पर माझी सून तीन दिस झालं जेवली न्हाई. मीच चुकीचं बघितलं म्हणती. तिला सांगा. माझ्याम्होरं सांगा."

रेश्मा दाराशी उभी होती. कुणाल उठून तिच्यासमोर गेला. "ताई, तुम्ही बरोबर बघितलं. आम्हीच चुकीचं दाखवलं."

"मग मी काय बघायचं हुतं?" रेश्माने विचारले.

विश्वजीत बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

त्यानंतर पायलने मला हातात घेतले. तिने माझ्यातली विचार करणारी प्रत्येक ओळ वेचून बाहेर काढली आणि वेगळ्या फाईलमध्ये ठेवली. त्या फाईलला रंग ठाऊक नाही, अक्षर ठाऊक नाही, मी दिसते कशी हेही ठाऊक नाही. तिला आकडा आणि तारीख द्यायची. ती तीनपैकी एकच शब्द परत देते: 'आहे', 'नाही', किंवा 'खात्री करा'. बस्स. तो शब्द घ्यायचा आणि लोकांना दिसेल असा मांडायचा, एवढेच काम माझ्याकडे राहिले.

मला वाईट वाटले, मित्रांनो. इतकी वर्षे मी समजत होते की मला कळते. आता मला काही कळत नव्हते. मी नुसता चेहरा झाले होते.

पायल सुभेदारांना समोर बसवून त्या नियमांची परीक्षा घेऊ लागली. मला उघडायची तिला गरजच पडत नसे. "नऊ कुप्या, आजची तारीख?" ती विचारी. "न्हाई," सुभेदार म्हणत, आणि फाईलही 'नाही' म्हणे. "शंभर कुप्या, कालची तारीख?" "खात्री करा." असे चाळीस प्रश्न तिने लिहून ठेवले. कुणी काहीही बदलले की ते चाळीस प्रश्न आधी आपोआप विचारले जातात. एक जरी उत्तर चुकले, तरी बदल लोकांपर्यंत जात नाही.

मग तिने विश्वजीतला निरोप पाठवला. त्याने आधी नकार दिला. तिसऱ्या निरोपाला आला, पण लॅपटॉपला हात लावेना.

"माझ्याकडनं आता हे व्हायचं न्हाई, ताई."

"मी मुद्दाम तुमालाच बोलावलंय," पायल म्हणाली. "मोडून दाखवा. ह्या पानातलं वाट्टेल ते खोडा."

विश्वजीतने भीत भीत माझी एक ओळ काढली. मग दुसरी. मग त्याने मला सगळेच पुसले. माझ्यात एक अक्षर उरले नाही. पायलने नियमांच्या फाईलला चाळीस प्रश्न विचारले. चाळीसही उत्तरे बरोबर आली.

विश्वजीतने ती चाळीसही उत्तरे एकेक करून वाचली. सुभेदारांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, कामाला लाग," ते म्हणाले.

माझे आजचे रूप त्याच विश्वजीतने दिले आहे. राखाडीच्या जागी आता ठळक पिवळी पट्टी असते, तिच्यावर काळ्या मोठ्या अक्षरांत 'आधी फोन करा', आणि तिथेच फोन लावायचे बटण. भर उन्हात ती पट्टी दिसते. पुढे पायलने नियमांच्या त्याच फाईलला एक आवाजही जोडून दिला. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांनी एक क्रमांक फिरवला की तोच शब्द त्यांना मराठीतून ऐकू येतो. नियम एकदाच लिहिला आहे. तो डोळ्यांना मी सांगते, कानांना तो आवाज सांगतो. मी पुन्हा सुरू झाले त्या दिवशी पहिला फोन हरिबांनी लावला. चौदाही दवाखान्यांची नावे ऐकली आणि फोन ठेवला.

मला आता रिकामे वाटत नाही. चेहऱ्याने चेहऱ्याचे काम नीट करावे, हेही थोडे नाही.

मित्रांनो, तुमच्यातली कुणी मुले-मुली उद्या माझ्यासारखी पाने लिहितील. तेव्हा माझे एवढे ऐका. विचार वेगळा ठेवा आणि रूप वेगळे ठेवा. ज्या ओळीवर कुणाचा जीव टांगलेला आहे ती ओळ रंगाच्या घडीत लपवू नका. तिला तिची स्वतःची जागा द्या, नाव द्या. तुमचे काम एक दिवस दुसऱ्याच्या हाती जाणारच आहे, आणि तो माणूस तुमच्याइतकाच चांगला असेल, पण तुमच्या मनातले त्याला ठाऊक नसेल. त्याच्या हातून नकळत पाप घडेल असे काही मागे ठेवून जाऊ नका.

सुभेदारांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही. सकाळचे चौदा फोन आता रेश्मा करते. "आजचा आकडा सांगा, कालचा नगं," असे ती प्रत्येकाला बजावते आणि दोनदा विचारून मगच भरते. मंगळवारी आणि शुक्रवारी ती हे काम थोडे लवकर उरकते. त्या दिवशी तिला सुलाबाईंना यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायला मिरजेला न्यायचे असते, आणि एसटी कुणासाठी थांबत नाही.